तुम्ही पाण्यावर असता तेव्हा काठावर कोण असतं?

ताई,

तुमचं सदर आमच्याकडे आधी सौ. वाचते, मग मी. हे पत्र मात्र तिला न सांगता लिहितोय.

मी ६२ वर्षांचा, मूळ देवगडचा. अठराव्या वर्षी नौदलात गेलो, २४ वर्षं काढली, चीफ पेटी ऑफिसर म्हणून बाहेर पडलो. त्यातली बरीच वर्षं सेलिंगच्या संघात होतो. पुढे १८ वर्षं खासगी नोकरी. सौ. माध्यमिक शाळेत गणित शिकवायची. आम्ही दोघं एकाच वर्षी निवृत्त झालो. मुलगा कॅनडात, मुलगी बंगळुरूला. पुण्यात दोन खोल्यांचा फ्लॅट आहे, कर्ज नाही.

दोन वर्षांपूर्वी एक जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेतली. एका गॅरेजवाल्याने आतून सगळं करून दिलं: पलंग, शेगडी, पाण्याची टाकी, वर सोलर, मागे छोटं टॉयलेट. तेव्हापासून वर्षातले आठ-नऊ महिने आम्ही गाडीतच असतो. जिथे तलाव किंवा धरण आणि शिडाच्या चार होड्या असतील तिथे थांबतो आणि मुलांना सेलिंग शिकवतो. चार आठवडे इथे, सहा तिथे. पैसे घेत नाही. ताई, इतका आनंद मला आयुष्यात कधी मिळाला नव्हता.

आता मनात आहे की फ्लॅट विकून टाकावा, मोठी गाडी घ्यावी आणि कायमचंच निघावं. सौ.ला विचारलं तर म्हणाली, "तुम्ही म्हणाल तसं." ३६ वर्षांच्या संसारात हे वाक्य मी तिच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं.

आणखी एक गोष्ट सलते. मागच्या हिवाळ्यात एका धरणाच्या काठच्या गावातली ११ वर्षांची मुलगी माझ्याकडे शिकायला यायची. पाण्याला इतकी घाबरायची की पहिले चार दिवस जेट्टीवरून उतरलीच नाही. सहाव्या आठवड्यात एकटी ऑप्टिमिस्ट (मुलांची छोटी शिडाची होडी) घेऊन तलावाच्या मध्यापर्यंत जाऊन आली. मग आम्ही पुढच्या मुक्कामी निघालो. परवा तिथल्या माणसाला फोन केला, तर कळलं की आम्ही गेल्यापासून ती पाण्यावर फिरकलेलीच नाही.

फ्लॅट विकू का? शिकवण्याचे पैसे घ्यावेत का? आणि सौ.च्या मनात काय आहे हे मला कसं कळेल?

— एक निवृत्त खलाशी, पुणे

*

भाऊ,

तुम्ही तीन प्रश्न विचारलेत आणि मुलीची गोष्ट सहज ओघात सांगून टाकलीत. मला वाटतं पत्र खरं तर तिच्यासाठीच लिहिलंय, तिच्यासाठी आणि वहिनींसाठी. या दोघींचं दुखणंही एकच आहे. तुम्ही पाण्यावर असता किंवा पुढच्या गावाला निघता, आणि त्या काठावर राहतात.

वहिनींपासून सुरुवात करते, कारण त्यांच्या जागी मी बसलेली आहे. माझे यजमान शिडाच्या होड्यांचे वेडे. लग्नानंतरची आठ वर्षं माझा प्रत्येक रविवार जेट्टीवर गेला. सकाळी सातला डबा आणि थर्मास घेऊन जायचं, ते पाण्यावर गेले की पिशवीतलं विणकाम काढायचं, आणि दुपारी ते तांबडेलाल होऊन परत आले की वाऱ्याच्या गोष्टी ऐकायच्या. त्यांना वाटायचं, आपण दोघं मिळून एक छंद जोपासतोय. मला त्या पाण्यात माझं काहीच दिसत नव्हतं. भांडण कधी झालं नाही. उलट मीही म्हणत असे, तुम्ही म्हणाल तसं. भाऊ, ज्या बाईला स्वतःचं मत आहे ती हे वाक्य बोलते तेव्हा ती होकार देत नसते. आपल्या मताला इथे काही काम नाही, एवढं तिच्या लक्षात आलेलं असतं.

आता वहिनींचा दिवस डोळ्यांसमोर आणून बघा. तुम्ही साडेसहाला होड्या लावायला जाता. त्या पलंगाची घडी घालतात, तेवढ्याशा जागेत पोहे करतात, भांडी मोजून दोन तांब्यांत धुतात, कारण टाकीत पाणी किती उरलंय हे त्यांना तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक असतं. दहा वाजले की पत्रा तापतो. दारात खुर्ची टाकून बसावं तर येणारा-जाणारा डोकावतो, "आत काय काय आहे हो?" दार लावून घ्यावं तर घुसमट. ओळखीची भाजीवाली नाही, ग्रंथालय नाही, जिच्याकडे उगीच दहा मिनिटं जाऊन बसावं अशी शेजारीण नाही. थोडी ओळख होते न होते तोच तुमचे सहा आठवडे संपतात. ज्या बाईने तीस-पस्तीस वर्षं वर्गात उभं राहून शिकवलं, चाळीस मुलांची नावं पहिल्या आठवड्यात पाठ केली, तिला दिवसभर गाडी राखायला बसवलंय. तुम्हाला हे दिसलं नाही, कारण संध्याकाळी तुम्ही परत येता तेव्हा चहा तयार असतो आणि त्या हसऱ्या असतात.

माझं काय झालं तेही सांगते. एका रविवारी रेस अधिकाऱ्यांचा मदतनीस आला नाही. त्यांनी मला विचारलं, वहिनी, घड्याळ धराल का? पाच मिनिटं राहिली की वर्गाचा, म्हणजे होडीच्या प्रकाराचा झेंडा, चार मिनिटांना तयारीचा 'पी' झेंडा, एक मिनिटाला 'पी' खाली, शून्यावर वर्गाचा झेंडा खाली आणि रेस सुरू. झेंड्यासोबत भोंगा वाजतो, पण वेळ मोजायची झेंड्यावरून, कारण वाऱ्यात आवाज हरवतो. त्या सकाळी मी चार रेसचे झेंडे चुकू दिले नाहीत. पुढची वीस वर्षं त्याच कामात गेली. नियमावली वाचली, निकाल लावायला शिकले, पुढे मुलांच्या रेस लावू लागले. पाण्यात मी फारशी उतरले नाही. तरी ते पाणी माझंही झालं.

तुमच्या घरात तर गणिताच्या बाई आहेत! वाऱ्याच्या थेट तोंडावर होडी जात नाही, दोन्ही अंगांना साधारण ४५ अंश सोडून नागमोडी जावं लागतं, ही गोष्ट तुम्ही मुलांना हातवारे करून सांगत असणार. वहिनी ती पाटीवर दोन रेघांत दाखवतील. निकालाची पद्धतही त्यांच्याच हातातली: पहिल्याला एक गुण, दुसऱ्याला दोन, सगळ्यात वाईट रेस वगळायची, आणि ज्याची बेरीज सर्वांत कमी तो जिंकला. बरोबरी झाली की ती कशी सोडवायची यावर मी चाळिशीतल्या माणसांना हमरीतुमरीवर आलेलं पाहिलंय.

पण हे सगळं त्यांच्यासमोर योजना म्हणून मांडू नका. तुम्हाला चटकन उपाय सापडतो आणि तो तुम्ही लगेच हुकमासारखा सांगता, असा माझा अंदाज आहे. चीफ पेटी ऑफिसर माणसाची ती सवयच. कदाचित त्यांना सेलिंगशी कसलाच संबंध नको असेल. त्यांना गावातल्या दहावीच्या मुलांना भूमिती शिकवायची असेल, नाहीतर निवृत्तीनंतर दुपारी दोन तास झोपायचं असेल, आणि तेही बरोबरच आहे. "तुला काय वाटतं?" असं विचारलंत तर तेच वाक्य परत ऐकायला मिळेल. त्याऐवजी पुढच्या मुक्कामाला एक आठवडा कामांची अदलाबदल करा. सकाळचा चहा, पलंगाची घडी, टाकी भरणं हे तुमच्याकडे. टॉयलेटची कॅसेट (मैल्याची टाकी) दर दोन-तीन दिवसांनी कोण रिकामी करतं हे तुम्ही लिहिलेलं नाही. आठवडाभर ते काम तुम्हीच करताय असं मी धरून चालते. आणि त्या सात दिवसांत एक दिवस होड्या बांधून ठेवा, गाडीच्या दारात त्यांच्या खुर्चीवर सकाळी आठ ते दुपारी एक बसून बघा. मोबाइल न घेता. त्यानंतर त्यांच्याशी बोला. तेव्हा प्रश्न तुम्हाला आपसूक सुचतील.

आता ती मुलगी.

तिला सहा आठवड्यांत तुम्ही तलावाच्या मध्यापर्यंत नेलंत हे लहान काम नाही, आणि त्यातलं काही पुसलं गेलंय असंही मी म्हणणार नाही. पण आपण जी होडी तिच्या हातात दिली तिचं बघा. ऑप्टिमिस्ट १९४७ साली फ्लोरिडातल्या क्लिअरवॉटर गावात क्लार्क मिल्स यांनी आखली. प्लायवूडच्या दोन तावांत बसेल अशी, घरोघरी बनवता येईल अशी. लांबी पावणेआठ फूट, वजन ३५ किलो, एक डोलकाठी, एक शीड. पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलासाठी, आणि तीही एकट्यासाठी. त्या होडीत दुसरं माणूस नसतं, हाच तिचा सगळा धडा आहे. आपण मोठी माणसं रेस्क्यू बोटीतून ओरडून ओरडून त्यात दुसरं माणूस घालतो. "शीट ओढ! सुकाणू सोड! मागे बस!" मूल आपल्या आवाजावर होडी चालवायला लागतं. मग आवाज गेला की होडीही गेली.

मी स्वतः हेच केलंय. एका तलावावर (नाव नको) आठ मुलांची तुकडी दोन महिने शिकवली. रेस लावता लावता मीच त्यांना काठावरून सूचना द्यायला लागले. मुलं झपाट्याने पुढे गेली आणि मला फार अभिमान वाटला. मग यजमानांची बदली झाली. सहा महिन्यांनी परत गेले तेव्हा आठातलं एकच मूल पाण्यावर होतं, आणि तेही त्याचा मोठा भाऊ तिथे यायचा म्हणून. बाकी सातांच्या घरी गेले. कुणी रागावलेलं नव्हतं. एका मुलाची आई म्हणाली, "बाई, तुम्ही नव्हता ना, मग काय करणार तो तिथे जाऊन?" ते वाक्य मी आजवर विसरलेली नाही. मला वाटत होतं मी त्यांना होडी शिकवली. मी त्यांना माझी सवय लावली होती.

रेसच्या नियमावलीत ४१ क्रमांकाचा नियम आहे, तुम्हाला पाठ असेल: रेस चालू असताना होडीने बाहेरची मदत घ्यायची नाही. प्रशिक्षकाने तोंड मिटून लांब उभं राहायचं. मी नंतर हा नियम सरावालाही लावला. पाण्यावर जाण्याआधी दहा मिनिटं बोलायचं, परत आल्यावर वीस मिनिटं ऐकायचं, आणि मधल्या वेळात होडी उलटली, कुणी घाबरलं किंवा वारा अंगावर आला तरच तोंड उघडायचं. पहिले काही दिवस शिकण्याचा वेग कमी होतो, पालक कुरकुरतात. पण मूल शिडाकडे बघायला लागतं. झाडांची पानं कुठे हलतायत, पाण्यावर काळपट पट्टा कुठून येतोय, हे त्याला दिसू लागतं.

आणि सहा आठवडे खरंच थोडे आहेत, भाऊ. आपल्याकडच्या धरणांवर हिवाळ्यात सकाळी पाणी आरशासारखं असतं, वारा दुपारकडे उठतो आणि संध्याकाळी परत पडतो. समुद्रकाठी पहाटेचे मतलई वारे वेगळे, दुपारचे खारे वारे वेगळे. ज्या मुलाने एकाच ऋतूतलं पाणी पाहिलंय त्याला तेच खरं वाटतं. मार्चमधला भोवंडणारा वारा पहिल्यांदा आला की ते बिचकतं, आणि त्या दिवशी तिथे ओळखीचं कुणी नसेल तर दुसऱ्या दिवशी घरीच बसतं. तुमच्याकडे शिकलेल्या त्या मुलीचं तसंच झालं असेल.

तुम्ही नौदलातले, म्हणून व्हाइस अॅडमिरल मनोहर आवटींची आठवण करून देते. १९७१च्या युद्धात वीरचक्र मिळवलेला हा माणूस १९८३ मध्ये निवृत्त झाला आणि फलटणजवळच्या विंचुर्णी गावात राहिला. तिथे समुद्र कुठला! पण भारतीय माणसाने एकट्याने शिडाच्या होडीतून पृथ्वीप्रदक्षिणा करावी हा ध्यास त्यांनी सोडला नाही. त्यातून गोव्यात 'म्हादेई' ही होडी बांधली गेली आणि कॅप्टन दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ ला मुंबईहून निघून, चार थांबे घेऊन, १९ मे २०१० ला परत आले. आवटी तेव्हा ऐंशीच्या पुढचे होते. दोंदे तिथेच थांबले नाहीत. त्यांनी पुढे एकट्याने, कुठेही न थांबता प्रदक्षिणा करणाऱ्या अभिलाष टॉमींच्या तयारीला हात दिला, मग 'तारिणी' या शिडाच्या होडीवरच्या नौदलातल्या सहा महिला अधिकाऱ्यांच्या. त्या मुली २०१७-१८ मध्ये २५४ दिवसांत जग फिरून आल्या. मला या साखळीतलं सगळ्यात जास्त काय भावतं सांगू? तिचं एक टोक माणदेशाच्या कडेच्या एका गावात होतं. फिरले ते शिष्य.

दुसरं उदाहरण अगदी अलीकडचं. २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत आयएलसीए-४ या एकट्याने चालवायच्या लहान होडीच्या प्रकारात रौप्यपदक आणणारी नेहा ठाकूर मध्य प्रदेशातल्या देवास जिल्ह्यातली, शेतकऱ्याची मुलगी. समुद्र तिच्या घरापासून शेकडो किलोमीटर दूर. ती घडली भोपाळच्या मोठ्या तलावावरच्या सेलिंग स्कूलमध्ये, वर्षानुवर्षं त्याच पाण्यावर. तिथे होड्या असतात, रेस्क्यू बोट असते, आणि उद्या सकाळीही ती असणार हे मुलांना माहीत असतं.

म्हणून माझं मत असं आहे. मोटरहोम ठेवा, पण वर्षात दहा मुक्काम करू नका. दोनच करा. एक महाराष्ट्रातलं धरण, दसऱ्यापासून होळीपर्यंत, सलग. दुसरा पावसाळ्याचा. आपल्या किनाऱ्यावर त्या दिवसांत लहान होड्या ओढून वर ठेवलेल्या असतात, पण हैदराबादच्या हुसेनसागरावर तेव्हाच वारा असतो. जुलैत तिथे मान्सून रेगाटा (होड्यांच्या शर्यती) होते, देशभरची मुलं येतात. तिथे सरावाला हात लावायला माणसं हवीच असतात. मधले उन्हाळ्याचे महिने पुण्यात घरी काढा. एप्रिल-मेमध्ये त्या पत्र्याच्या खोलीत दोन साठीच्या माणसांनी राहू नये, छतावर कितीही सोलर असलं तरी. एसी चालवायला बाहेरून वीज घ्यावी लागते आणि धरणाच्या काठी ती संध्याकाळी सातला जाते.

आणि ज्या धरणावर राहाल तिथे पहिल्या महिन्यापासून सतरा-अठरा वर्षांचा एखादा स्थानिक मुलगा किंवा मुलगी शेजारी उभी करा. भोई-कोळ्यांच्या घरातलं मूल मिळालं तर फारच छान, पाण्याची भीती त्याला कुणी शिकवलेलीच नसते. होड्या कशा लावायच्या, उलटलेली होडी कशी सरळ करायची, कोणत्या वाऱ्यात मुलांना पाण्यावर जाऊच द्यायचं नाही, हे सगळं त्याच्या हाती द्या. यॉटिंग असोसिएशन ऑफ इंडियाच्या प्रशिक्षकांच्या अभ्यासक्रमाला त्याला पाठवा, खर्च तुम्ही करा. फ्लॅट विकून मोठी गाडी घेण्यापेक्षा हा पैसा मला फार मोलाचा वाटतो.

मोबदल्याचं विचारलंत. घ्या. मुलांकडून नको, क्लबकडून किंवा शाळेकडून घ्या, थोडाच घ्या, पण लिहून घ्या. फुकट शिकवणाऱ्या माणसाकडे कुणी हक्काने काही मागत नाही, आणि त्यालाही कुणाकडे मागता येत नाही. तुम्हाला मागायचं आहे: चांगल्या अवस्थेतली, पेट्रोल भरलेली रेस्क्यू बोट, प्रत्येक मुलाच्या मापाचं लाइफजॅकेट, गाडीला वीज आणि पाण्याचा नळ. मी सहा ऑप्टिमिस्टना एक रेस्क्यू बोट याहून कमीवर कधी पाण्यावर जाऊ दिलं नाही आणि त्यावरून माझी एका ठिकाणी चांगलीच वादावादी झाली. तुम्हीही या बाबतीत मान तुकवू नका.

इथेच एक नाजूक गोष्ट बोलते, राग मानू नका. तुमचं घर मुलांच्या सरावाच्या जागेवरच उभं असतं. मुलांना त्या गाडीचं प्रचंड कुतूहल. एकट्या मुलाला कधीच आत बोलावू नका, ओले कपडे बदलायलासुद्धा नाही. दार उघडं, दोन मोठी माणसं, आणि पालकांना आधी कळवलेलं. तुमच्याबद्दल मला शंका नाही. पण तुम्ही फिरते आहात, गावाला तुमची पूर्वपीठिका माहीत नाही, आणि जो नियम तुम्ही पाळाल तोच तुमच्यानंतर येणाऱ्याला लागू पडेल.

आता फ्लॅट. विकू नका.

कारणं बरीच आहेत. गाडीचंच बघा. एका राज्यात नोंदलेली गाडी दुसऱ्या राज्यात सलग बारा महिन्यांहून जास्त ठेवली तर तिथली नवी नोंदणी लागते. पत्ता नसला की असे प्रश्न कुणाच्या तरी दारात उभं राहून सोडवावे लागतात. तुमचं लायसन्स आता एका वेळी पाचच वर्षांचं मिळेल, तेही डॉक्टरच्या दाखल्यावर. ६७ व्या वर्षी डोळ्यांनी साथ दिली नाही तर ती मोठी गाडी कोण चालवणार? वहिनी चालवतात का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. ईसीएचएसचं (माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं) कार्ड तुम्हाला इतर गावीही उपयोगी पडेल, पण गुडघा किंवा मोतीबिंदू करायची वेळ आली की माणसाला स्वतःची खोली आणि ओळखीचा डॉक्टर लागतो. गुडघ्यानंतर गाडीची पायरी चढणं तर बरेच दिवस अवघडच असतं. फ्लॅटची एक खोली कुलूप लावून ठेवायची आणि उरलेला भाग ११ महिन्यांच्या कराराने द्यायचा, असं करणारी मंडळी मला ठाऊक आहेत. पण तुम्ही उन्हाळ्यात परत येणार असाल तर आठ महिन्यांसाठी एखाद्या विद्यार्थ्याला द्या. डिझेल त्यातून निघेल.

आणखी एक गोष्ट माझ्या मते सगळ्यात वजनदार आहे. घर असलं की "मला परत जायचंय" हे वहिनींना म्हणता येतं. ते विकलं की त्यांच्याकडे तेवढं एकच वाक्य उरेल, जे तुम्ही परवा ऐकलंत.

गाडीबद्दल थोडक्यात, पण टाळू नका. "गॅरेजवाल्याने आतून करून दिलं" असं लिहिलंत, आणि मला धास्ती वाटली. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरच्या नोंदीशी न जुळणारा बदल आरटीओच्या परवानगीशिवाय करता येत नाही. कॅरॅव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे वेगळं मानक आहे. आरसीवर अजून जुनीच नोंद असेल तर अपघात झाला की विमा कंपनी त्यावरच बोट ठेवेल. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणल्यापासून आरटीओत हा शब्द तरी परका राहिलेला नाही. कागद घेऊन एकदा जाऊन या. आणि शेगडीचा सिलिंडर जिथे ठेवलाय तिथे खाली हवा जायला झरोका आहे का तेही बघा. गॅस जड असतो, तळाशी साचतो; तुम्ही जहाजावरचे, तुम्हाला हे मी सांगायला नको.

शेवटी परत त्या मुलीकडे येते. तिला फोन करून "का येत नाहीस?" असं विचारू नका. तिच्याकडे उत्तर नसेल आणि तिला अपराधी वाटेल. नारळी पौर्णिमेच्या सुमारास तिच्या गावाला जा, वहिनींना घेऊन. आधी घरी जा, आईवडिलांशी बोला, की या वर्षी आम्ही दसऱ्यापासून होळीपर्यंत इथेच आहोत. तारखा सांगा, आणि सांगितल्यात तर मोडू नका. वहिनींची तयारी असेल तर मुलीशी त्याच बोलू देत. तुम्ही पाण्यावरून ओरडत होतात तेव्हा काठावर बसून त्या मुलीचे ते पहिले चार दिवस, जेट्टीवरून न उतरण्याचे, त्यांनीच जवळून पाहिलेत. मला खात्री आहे, त्या चार दिवसांत ती कुणाशी तरी बोलत होती. कोणाशी, ते तुम्ही वहिनींना विचारलंय का कधी?

होडीत बसायची घाई नको. पहिले काही दिवस तिला घड्याळ आणि झेंडे द्या, लहान मुलांची सुरुवात तिला लावू दे. 'पी' झेंडा निळा, मध्ये पांढरा चौकोन. तो चार मिनिटांना वर जातो आणि एक मिनिट राहिलं की खाली येतो.

हे पत्र वहिनींना वाचायला द्या. तुम्ही न सांगता लिहिलंत खरं, पण सदर आधी त्याच वाचतात ना. त्यांना मला काही लिहायचं असेल तर मी वाट बघते.

तुमची,
ताई